पळसाचा केशरी आणि आईच्या डब्यातला चुना

माघ संपत आला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरू लागतो, यंदा तीनदा आला. पळसाच्या फुलांचा रंग म्हणे "शंभर टक्के केमिकल-फ्री", अंगाला लावला की वर्षभर चामडीचा कोणताच रोग होत नाही. रंग सुंदर आहे, होळीला तोच खेळा असं मीही सांगतो, पण रोगाचं असं काही नसतं, अंगावर चट्टे असतील तर डॉक्टरकडे जा. आणि केमिकल-फ्री तर तो अजिबातच नाही. पळसाचा केशरी म्हणजे केमिकलच, फुलानं बनवलेलं, आणि एवढं भारी केमिकल की त्याच्यावरच लिहायला बसलो.

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात या दिवसांत कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, तूर घरात आलेली, हरभऱ्याची सोंगणी चाललेली. पोट्टे परीक्षेत आणि म्हातारी माणसं दुपारभर ओसरीवर. मागच्या वर्षीपासून आईनं आणि शेजारच्या दोन काकूंनी या दिवसांत रुमाल रंगवायचं काम काढलं. बसल्या जागी होतं, सुई ओवायची नाही, डोळ्याला ताण नाही, कोमट पाण्यात हात असला की बरं वाटतं म्हणतात. फुलं आणायचं काम मात्र नातवंडांचं. तीही तोडायची नाहीत, झाडाखाली सडा पडलेला असतो तोच वेचायचा, कारण झाडावरच्या फुलांवर साळुंक्या, बुलबुल मधासाठी येतात आणि परागीभवन बरंचसं पक्ष्यांच्याच भरवशावर.

मी पहिल्यांदा फुलं गॅसवर खळखळ उकळायला ठेवली तर आई म्हणाली, "अरे काहून उकळून राह्यला? रातभर भिजू दे ना, सकाळी कोमट कर." मला वाटलं जुनी सवय असेल, पण तिच्या पद्धतीनं रंग चांगला आला. रंग पाण्यात इतक्या सहज उतरतो याला कारण आहे, आणि माझ्या आवडीची गोष्ट इथूनच सुरू होते.

फुलात जो मुख्य केशरी-पिवळा पदार्थ असतो त्याचं नाव आयसोब्यूट्रिन. त्याच्या रेणूला ग्लुकोजचे दोन रेणू चिकटलेले असतात. साखर पाण्यात विरघळते तसा साखर लागलेला रंगही पाण्यात सहज विरघळतो, आणि म्हणूनच धुळवडीला अंगावर पडलेला पळस दोन तांब्यांत निघून जातो.

आता रेणूचा आकार बघा. दोन टोकांना कार्बनची एकेक षटकोनी कडी आणि मधे तीन कार्बनचा पूल. पूल मोकळा असला की एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत इलेक्ट्रॉन पसरून राहू शकतात, आणि अशी लांब मोकळी वाट मिळाली की रेणू उजेडातला निळा भाग गिळतो, उरलेला पिवळा-केशरी आपल्या डोळ्यात येतो. पण या पुलाला एक खोड आहे. शेजारच्या कडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते, ती वळून पुलालाच चिकटते आणि मधे तिसरी कडी तयार होते. पूल बंद, वाट तुटली, रंग गेला! या बिनरंगी रूपाचं नाव ब्यूट्रिन. अणू तेवढेच, तेच, एकही कमी-जास्त नाही, फक्त एक गाठ बसली.

आणि ही गाठ सोडवतो तो चुना. आईच्या पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना पाण्यात कालवून वरची निवळी घेतली आणि फिक्या रंगपाण्यात थेंब-थेंब टाकली, तर रंग डोळ्यादेखत गडद होत केशरी-तांबूस होतो. चुना अल्कली आहे, म्हणजे आंबटाच्या उलट स्वभावाचा, तो पुलावरचा एक हायड्रोजन ओढून घेतो, कडी उघडते, वाट पुन्हा मोकळी, वर ऑक्सिजनकडे जादाचा ऋण भार राहतो त्यामुळं इलेक्ट्रॉन अजूनच सैल पसरतात. त्यातच लिंबू पिळलं की परत पिवळा. काकू म्हणाल्या, "हे तं हळदी-कुंकवासारखंच झालं," आणि बरोबरच बोलल्या, हळदीला चुना लावला की लाल होते त्यातही असंच हायड्रोजन निघून जाणं आहे. अशाच पाण्याचं "रक्त" करून दाखवणारे बुवा गावोगाव पैसे घेऊन गेलेत, त्यांच्या तांब्यात बहुतेक वेळा हळद आणि चुनाच असतो.

बरं, कापडाचं काय. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, त्याला हा रंग नुसता धरत नाही. मधे दलाल लागतो, तो म्हणजे तुरटी. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूनं धाग्याला धरतं आणि दुसऱ्या बाजूनं रंगाच्या रेणूतले दोन ऑक्सिजन त्याला खेकड्याच्या नांग्यांसारखे पकडतात. त्यातला एक ऑक्सिजन त्याच जोडीतला, जी मघाशी वळून पुलाला चिकटत होती! म्हणजे गाठ बसलेली असली की रंगही नाही आणि नांगीही नाही.

सुताला ॲल्युमिनियम नीट धरावं म्हणून आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचं. १०० ग्रॅम कापडाला साधारण २० ग्रॅम हिरडा पूड, मग १५ ग्रॅम तुरटी, मग कापडाच्या दुप्पट वजनाची ताजी फुलं. भांडं म्हणून स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घ्या, लोखंडी कढई नको, हिरड्याला लोखंड लागलं की काळं पडतं. चुन्याच्या निवळीत कापड बुडवायचं तर चिमट्यानं, ती डोळ्यात गेली तर फार वाईट. आणि वाळवायचं सावलीत, हा रंग उन्हात उडतो.

नक्षीसाठी आई घरचा हरभरा वापरते. तुरटीतून काढून वाळवलेल्या रुमालात एकेक दाणा ठेवून बुडाशी सुती दोऱ्याचे सात-आठ वेढे. ज्यांचा हात थरथरतो त्यांना रबर बँड. मग सगळं रातभर कोमट रंगात. दाणा पाणी पिऊन फुगतो, दोरा अजून आवळला जातो आणि वेढ्याखाली रंग शिरतच नाही. सकाळी सोडलं की मधे केशरी ठिपका, भोवती पिवळसर पांढरं वलय. फुगलेले हरभरे गाईच्या टोपल्यात टाकायचे नाहीत, तुरटी लागलेली असते, ते उकिरड्यावर.

फुलं थोड्याच दिवसांत संपतात, म्हणून सध्या आमच्या माळ्यावर तीन सुपं भरून वाळत आहेत.