बीएमआय आणि उतारवयातील स्त्रिया : एका मापाची पार्श्वभूमी

दवाखान्यातील तक्ता सत्तरीतल्या एखाद्या बाईंना ‘जास्त वजना’च्या रकान्यात बसवतो, तेव्हा ते माप, म्हणजे बीएमआय (बॉडी मास इंडेक्स), मुळात कोणाच्या अंगावर बेतले होते, हे पाहणे उपयोगाचे ठरते.

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र बेल्जियमचे खगोल व संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांच्या १८३०च्या दशकातील अभ्यासातून आले. ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. लठ्ठपणा हा त्यांचा विषय नव्हता. वजनाची सांगड आयुर्मानाशी घातली ती अमेरिकेतील विमा कंपन्यांनी. त्यांच्या जुन्या तक्त्यांत वयाबरोबर वजनही चढत जाई. १९४०च्या दशकात मात्र मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने पंचविशीपुढील सर्वांसाठी एकच ‘आदर्श वजन’ ठरवले आणि वयाचा रकाना गळाला. पुढच्या बऱ्याच घोळाचे मूळ, मला वाटते, येथेच आहे. १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी केतले यांच्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी अभ्यासलेले सात हजारांहून अधिक जण पाच देशांतील होते, पण सगळे पुरुष. १९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जास्त वजनासाठी २५ आणि लठ्ठपणासाठी ३० या सीमारेषा सर्व प्रौढांना, स्त्री-पुरुष किंवा वय असा भेद न करता, लागू केल्या.

भारतीयांना त्या सैल पडतात, हे लवकरच ध्यानात आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के निघाली. (याही जोडीत बाई नाही, ते असो.) २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी जास्त वजनाची सीमा २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर आणली.

उतारवयात प्रश्न उलट्या बाजूनेही उभा राहतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात, मणके दबतात आणि उंची घटते : १५० सेंटिमीटर उंचीच्या, ५४ किलो वजनाच्या बाईंचा बीएमआय २४ असतो, पण उंची १४५ वर आली की वजन रतीभरही न वाढता तो २५.७ होतो. दुसरीकडे स्नायू झिजून त्यांची जागा चरबीने घेतली, तर काटा जागचा हलत नाही आणि आकडा निर्धास्त दिसतो. पासष्टीपुढील व्यक्तींच्या अनेक अभ्यासांचे २०१४ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, त्यात मृत्यूचा धोका बीएमआय २३ च्या खाली गेल्यावर वाढताना आढळला, तर २५ ते ३० या पट्ट्यात तो वाढलेला दिसला नाही. अर्थात आजाराने आधीच खंगलेली माणसे कमी वजनाच्या गटात येत असल्याने हा निष्कर्ष वजन वाढवण्याचा परवाना ठरत नाही. शिवाय त्यातील बहुतेक माहिती पाश्चात्त्य देशांतील आहे.

म्हणून भारतीय वृद्ध स्त्रीच्या बाबतीत बीएमआयसोबत कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आहे का, उंची नुकतीच मोजली आहे का आणि गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप उतरले आहे का, हेही विचारावे लागते.