नोटेवरची चमक आणि द्राक्षाचे पान

नाशिकरोडला छापलेली नोट अतिनील दिव्याखाली धरली, की तिच्यावरचे क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू उजळून निघतात. शाईतला रेणू अतिनील प्रकाशाचा एक कण शोषतो, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो आणि उरलेली दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात.

नोट सपाट असते. जिवंत ऊतीला मात्र खोली असते. निफाडकडच्या द्राक्षबागेतले डाऊनी (केवडा) रोग पडलेले पान घ्या. वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी लव दिसते, पण रोगाचे तंतू पेशींमधून कुठवर शिरले, हे डोळ्यांना कळत नाही. ते दाखवण्यासाठी अ‍ॅनिलिन ब्लू हा अतिनील प्रकाशात चमकणारा रंजक (रंगद्रव्य) वापरतात. परंतु अतिनील प्रकाश आत जाता जाता विखुरतो आणि वाटेतला सगळाच रंजक पेटवतो, त्यामुळे चित्र धूसर येते.

यावरचा उपाय भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांच्या 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात होता: निम्म्या ऊर्जेचे दोन प्रकाशकण एकाच क्षणी आले, तर रेणू दोन्ही मिळून शोषू शकतो. ही घटना किती दुर्मीळ असावी? भर उन्हात ऱ्होडामिन बी या रंजकाचा एक रेणू साधारण सेकंदाला एक कण शोषतो, पण जोडी शोषायला त्याला सुमारे एक कोटी वर्षे लागतील. म्हणूनच 1990 मध्ये डेन्क, स्ट्रिकलर आणि वेब यांनी सूक्ष्मदर्शकाला अतिलघु स्पंदांच्या लेसरची जोड दिली. शंभर फेम्टोसेकंदांचे (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा अब्जांश भाग) आठ कोटी स्पंद दर सेकंदाला सोडले, तर सरासरी दहा मिलिवॅटचा किरण स्पंदापुरता सव्वा किलोवॅटचा होतो. तीव्रता दुप्पट झाली की चमक चौपट होत असल्याने रंजक फक्त केंद्रबिंदूपाशी उजळतो. वरखालचा अंधारातच राहतो आणि फिकाही पडत नाही. शिवाय निम्म्या ऊर्जेचा हा अवरक्त प्रकाश कमी विखुरत असल्यामुळे तो खोलवर पोहोचतो.

रंजकाची ही जोडी शोषण्याची क्षमता गोपर्ट-मायर याच एककात मोजतात. फ्लुओरेसीन या रंजकाची ती शंभराच्या आतच भरते, तर इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढून घेणारे गट लांब साखळीने जोडून घडवलेल्या रेणूंची हजारावर जाते. माझ्या मते या आकड्याला भुलू नये. तो बहुधा सेंद्रिय द्रावकात मोजलेला असतो. असे लांब, चपटे, तेलकट रेणू पाण्यात गोळा होतात आणि त्यांची चमक मंदावते. शोषलेल्या जोड्यांपैकी किती प्रकाश होऊन परत येतात, त्याच्याशी गुणाकार केल्यावरच खरी चमक कळते. शिवाय निम्मी ऊर्जा म्हणजे दुप्पट तरंगलांबी असली, तरी एका कणासाठीची तरंगलांबी नुसती दुप्पट करून भागतेच असे नाही, कारण सममित रेणूंमध्ये एका कणाला मोकळी असलेली वाट जोडीला बंद असते.

पानाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हरितद्रव्य स्वतःच 680 नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकते. अल्कोहोलने ते धुऊन काढता येते, पण मग पान मरते. त्यामुळे ताजे पान पाहायचे असेल, तर लाल चमकणारा रंजक निवडू नये.