गोलातला सी आणि इंटरनेटचं दार

परवा एका ओळखीच्या पोराला सांगितलं की १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर इंटरनेटला जोडता येतो, तर तो हसायलाच लागला. "काका, तेव्हा इंटरनेट तरी होतं का?" अरे होतं की! घरोघरी नव्हतं एवढंच. टीसीपीचे, म्हणजे दोन कॉम्प्युटरनी एकमेकांशी भरवशाने कसं बोलायचं याचे, नियम लिहून झाले सप्टेंबर १९८१ मध्ये, स्पेक्ट्रम ब्रिटनच्या बाजारात आला एप्रिल १९८२ मध्ये. म्हणजे तुझा मोबाईल आजही ज्या नियमांच्या जिवावर बोलतो ते या रबरी बटणांच्या डब्यापेक्षा वयाने मोठे आहेत. (आपल्याकडेही डेसिबेल्स नावाच्या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला होता, कुणाच्या माळ्यावर असला तर भंगारात देऊ नका.)

प्रोग्रामला नेटवर्कवर बोलायला 'सॉकेट' लागतं, ही कल्पना १९८३ च्या बर्कली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधून पसरली. प्रोग्रामने फक्त म्हणायचं, सॉकेट उघड, अमुक पत्त्याच्या तमुक पोर्टला (म्हणजे त्या मशीनच्या तमुक नंबरच्या दाराला) जोड, हे पाठव, आलेलं दे, बंद कर. फोनवर बोलताना आवाज कुठल्या तारेतून गेला याच्याशी आपल्याला काय घेणंदेणं, तसंच. पण ती तार सांभाळायचं काम, म्हणजे माहितीचं हरवलेलं पाकीट परत पाठवणं, उलटसुलट आलेली पाकिटं क्रमाने लावणं, हे कुणीतरी करायलाच लागतं, आणि स्पेक्ट्रमकडे आहे साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर आणि ४८ केबी रॅम, त्यातले ६९१२ बाइट तर स्क्रीनच खातो.

म्हणून स्पेक्ट्रानेट नावाचं एक कार्ड निघालं, ते मागच्या कनेक्टरला लावायचं. त्यावरची डब्ल्यू-५१०० ही चिप टीसीपीची सगळी उस्तवार स्वतः करते आणि एकावेळी चार सॉकेट सांभाळते. सॉकेटच्या कमांडचं सॉफ्टवेअर कार्डावरच्याच १२८ केबी फ्लॅशमध्ये. झालं, प्रश्न सुटला? नाही ना! झेड-८० ला मेमरीचे पत्ते मोजायला येतात ६५,५३६, एका बाइटला एक. पहिल्या १६ केबीत रॉम (मशीनचा कायमचा छापील प्रोग्राम), पुढच्या ४८ केबीत रॅम, हाउसफुल. कार्डाने बसायचं कुठे?

तर रॉमच्याच जागेवर, पण कामापुरतं. रॉमला गप्प करायचं, तिथे कार्डाची मेमरी दाखवायची, काम झालं की रॉम परत. आता ही अदलाबदल नेमकी कधी करायची हे कार्डाला कळणार कसं? इथे मी खरंच टाळ्या वाजवल्या.

रॉमच्या अगदी शेवटी अक्षरांचे आकार आहेत, प्रत्येक अक्षराला आठ बाइट. सगळ्यात शेवटचं अक्षर कॉपीराइटचं, गोलातला सी, पत्ते १६३७६ ते १६३८३. त्यातले आकडे आहेत ६०, ६६, १५३, १६१, १६१, १५३, ६६, ६०, म्हणजे वरून खाली नि खालून वर सारखेच, चित्रच आहे ते. हे चित्र आहे, प्रोग्राम नाही, त्यामुळे शहाणा प्रोग्राम तिथे उडी मारणारच नाही, म्हणजे तिथले बाइट हुकूम समजून चालवायला जाणारच नाही (मारलीच तर १६३७७ वरच्या ६६ चा अर्थ झेड-८० 'डी कप्प्यातलं बी कप्प्यात टाक' असा लावेल आणि पुढे नुसता गोंधळ). म्हणून कार्डाने ठरवलं की कुणी या आठ पत्त्यांवर उडी मारली की ती आपल्यालाच हाक.

पण थांबा, मशीन सुरू झाल्यावर कंपनीचं नाव दाखवताना हाच गोलातला सी स्क्रीनवर येतो, म्हणजे हेच बाइट वाचले जातात! मग दरवेळी कार्ड उगाच मध्ये येईल की. नाही येत, कारण झेड-८० ला एम-वन नावाची एक पिन आहे. बाइट हुकूम म्हणून उचलला तर ती पिन खाली जाते, नुसता डेटा म्हणून वाचला तर जात नाही. कार्ड पत्ता आणि एम-वन दोन्हीवर नजर ठेवून असतं. चित्र बघायला आलास तर बघ आणि जा, हुकूम घ्यायला आलास तर आत ये. काम संपल्यावर असाच एक ठरलेला पत्ता, तिथे उडी मारली की रॉम जागेवर.

मूळ युक्ती जुनी आहे, १९८३ च्या इंटरफेस वन या स्पेक्ट्रमच्या जोडखोक्यातही हुकूम ८ नंबरच्या पत्त्यावरून उचलला की दुसरा रॉम पुढे यायचा.

जाता जाता, 'चाळीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर एआय चालवलं' छाप व्हिडिओ फिरतात त्यांना भुलू नका. बहुतेक वेळा एआय दुसरीकडेच चालतं, बिचारा डबा फक्त अक्षरं पाठवतो आणि आलेली छापतो. त्यात कमीपणा काहीच नाही, पण चमत्कारही नाही.

मी फ्यूज नावाच्या इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, हे करून बघितलं. पोर्टचा आकडा चिपमध्ये थेट लिहायला गेलो आणि एक संध्याकाळ वाया. झेड-८० आकड्याचा लहान बाइट आधी ठेवतो, नेटवर्कला मोठा आधी लागतो, त्यामुळे माझ्या ८० चे (वेबसाइटचं नेहमीचं पोर्ट) झाले ८० गुणिले २५६, म्हणजे २०४८०, आणि मी तासभर अशा दारावर टकटक करत होतो जिथे कुणी राहतच नाही. बाइट उलटे केले, जोडणी लागली. बत्तीस अक्षरांच्या ओळीत सर्व्हरचं पहिलं उत्तर उमटलं ते ३०१, म्हणजे 'पत्ता बदललाय, एचटीटीपीएस वरून या', आणि एचटीटीपीएसला लागणारं तेवढं कुलूपकिल्लीचं (माहिती सांकेतिक करण्याचं) गणित काही या डब्याला वेळेत झेपत नाही.