आभार न मानणारी जवळची माणसं

‘जरा मीठ दे.’ समोरचा डबी सरकवतो, मागणारा मीठ घेतो आणि गप्पा पुढे चालू. आभाराचा शब्द कुणाच्या तोंडून निघत नाही. शिष्टाचाराच्या पुस्तकात हे बसणार नाही, पण जगभर चालतं ते असंच.

भाषेचे अभ्यासक सिमियन फ्लॉइड, निक एनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ भाषांमधलं रोजचं बोलणं व्हिडिओवर टिपलं आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ना प्रश्नावली, ना प्रयोगशाळा. घरच्या आणि ओळखीपाळखीच्या माणसांमधला नेहमीचा व्यवहार. मागितलेली गोष्ट मिळाल्याचे सुमारे हजार प्रसंग त्यांनी तपासले. तोंडाने आभार मानले गेले ते सरासरी २० पैकी एकदा! सौजन्याबद्दल नावाजलेले इंग्रजी भाषक घरात ७ पैकी एकदाच आभार मानत होते; इटालियन साधारण तेवढेच. इक्वेडोरमधल्या चापालाआ भाषेत तर एकदाही नाही, कारण तिथे आभाराचा ठरलेला शब्दच नाही. म्हणून तिथली माणसं मदतीला मागे होती का? तर अजिबात नाही. मागितलेलं बहुतेक वेळा निमूट मिळत होतं, आणि हे आठही भाषांत.

याचं एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्येच दिलं होतं. काही नाती देवाणघेवाणीची असतात, काही आपुलकीची. त्यांच्या प्रयोगात देवाणघेवाणीच्या नात्यात मदतीची लगेच परतफेड झाली की समोरचा माणूस अधिक आवडू लागला. जिथे जवळीक हवी होती तिथे उलटं झालं, परतफेड करणारा कमी आवडला. हिशेब चुकता करणं म्हणजे अंतर राखणं, असा त्याचा अर्थ लागत असावा. जवळच्या माणसाने फार औपचारिक आभार मानले की कुठेतरी खटकतं, तेही बहुधा यामुळेच.

मग कृतज्ञता वाया जाते का? मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांकडून रोजच्या नोंदी करून घेतल्या (२०१०). एकाला कृतज्ञता वाटली, की दुसऱ्या दिवशी दोघांनाही नातं अधिक समाधानाचं वाटत होतं. यात मोजली होती ती मनातली भावना, उच्चारलेले शब्द नव्हेत. ती कळायला स्वर, नजर, पुढची कृती एवढंही पुरत असावं.

खरी पंचाईत होते ती वेगवेगळ्या वळणात वाढलेली दोन माणसं एकत्र आली की. एकाला शब्द न ऐकल्याने गृहीत धरल्यासारखं वाटतं; दुसऱ्याला तोच शब्द ऐकून परकं केल्यासारखं.