‘द थिंग’ मधला कुत्रा आणि पेशींचं आयकार्ड

परवा एका मित्राने ‘द थिंग’ हा हॉरर पिक्चर पहिल्यांदाच बघितला आणि लगेच मेसेज टाकला, "सगळे रबराचे राक्षस आहेत रे, लोक एवढे वेडे कशासाठी झालेत?" मी तीन वेळा उत्तर टाइप केलं आणि तीन वेळा खोडलं, मेसेजमध्ये मावेना, म्हणून हा लेख.

रबराचं आधी उरकतो. रॉब बॉटिन नावाचा विशीतला पोरगा, त्याने वर्षभर राबून ते जवळजवळ सगळं हाताने बनवलं आणि शेवटी थकून हॉस्पिटलात गेला. पिक्चर लागला 25 जून 1982 ला, म्हणजे ‘ई.टी.’ नंतर बरोबर दोन आठवड्यांनी. जग गोंडस परग्रहवासीयासाठी रडत असताना दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने हे किळसवाणं काहीतरी आणलं, मग काय, समीक्षकांनी धू धू धुतला आणि लोकही फिरकले नाहीत. पुढे व्हिडिओ कॅसेटवर त्याला त्याची माणसं सापडली. आणि आता दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन स्टेशनवर हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान गेलं की मागे राहिलेली मंडळी हाच पिक्चर लावून बसतात. आता आठ-नऊ महिने सुटका नाही हे माहीत असताना! याला म्हणतात फॅन.

पण माझ्या मते तो टिकला तो राक्षसामुळे नाहीच, त्यातल्या प्रश्नामुळे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली 12 माणसं, त्यातला माणूस कोण आणि माणसाची कॉपी कोण? तुमचं शरीर हाच प्रश्न सेकंदा-सेकंदाला सोडवत असतं.

गोष्ट माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो (पुढे स्पॉयलर आहेत, पण पिक्चरला 40 वर्षं होऊन गेली, आता तक्रार चालणार नाही). एक कुत्रा बर्फातून पळतोय, मागून नॉर्वेजियन हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर गोळ्या. हेलिकॉप्टरवाला अमेरिकन तळावर उतरून जीव तोडून ओरडतो की ते कुत्रं नाहीये, पण नॉर्वेजियन कोणाला येत नाही, उलट त्यालाच गोळी घालतात आणि कुत्र्याला आत घेतात. तो निघतो परग्रहावरचा जीव, जो दुसऱ्या जीवाची पेशीन् पेशी गिळून हुबेहूब तोच बनतो.

मग तळावरचा डॉक्टर सुचवतो, साठवलेलं शुद्ध रक्त आहे, त्यात प्रत्येकाचं रक्त मिसळून बघू. हे हवेतलं नाहीये. पाउल उलेनहुट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1901 मध्ये अशीच टेस्ट शोधली होती, माणसाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या सशाचा सीरम (रक्तातला पेशी काढलेला पातळ द्रव) घ्यायचा, त्यात संशयित रक्त टाकायचं, गढूळ झालं तर ते माणसाचं. पिक्चरमध्ये कोणीतरी तो साठाच नासवतं. आणि खरं सांगायचं तर कॉपी जर शंभर टक्के असेल तर ती टेस्ट तशीही फुकटच, कॉपीचं रक्तही माणसासारखंच गढूळ होणार, मग वेगळेपण काय उरलंय?

आता माझा आवडता भाग, इथे जरा दमाने घ्या.

तुमच्या जवळपास प्रत्येक पेशीत प्रोटिऑसोम नावाचं प्रोटीन तोडायचं यंत्र असतं. पेशीत जे जे बनतंय त्यातलं थोडं थोडं हे यंत्र बारीक करतं, तुकडा साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचा, मग टॅप नावाचा पंप ते तुकडे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये ढकलतो, तिथे एमएचसी क्लास 1 नावाचं प्रोटीन, त्याच्या खाली टेकू द्यायला बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन, आणि वरती एक खाच, त्या खाचेत बरोबर बसेल तोच तुकडा पक्का होतो आणि हे सगळं लटांबर पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन उभं राहतं. डोक्यावरून गेलं तर असं समजा की प्रत्येक घराला नियम आहे, आत काय चाललंय त्याचे नमुने खिडकीत मांडायचे. टी पेशी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे गस्तवाले, खिडकीत नेहमीचा माल दिसला की पुढे, व्हायरसचा तुकडा दिसला की घर पाडायचं. खिडकीची चौकट प्रत्येक माणसाची वेगळी, माणसात तिला एचएलए म्हणतात, किडनी द्यायच्या आधी जुळवतात ते हेच. गस्तवाला नमुना वाचतो तो सुद्धा स्वतःच्या चौकटीतच, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी 1970 च्या दशकात कॅनबेऱ्यात उंदरांवर दाखवलं आणि त्याचं नोबेल 1996 ला मिळालं. डोहर्टी मुळात जनावरांचा डॉक्टर, हे मला फार आवडतं.

मग चोराने खिडकीच बंद केली तर? त्यासाठी दुसरे गस्तवाले आहेत, नॅचरल किलर पेशी. त्यांचं लॉजिक उलटं, खिडकी बंद दिसली की ठोका. म्हणजे परक्याला आत राहायचं तर खिडकी उघडी पाहिजे, पण दाखवायचं मात्र काही नाही. अवघड काम आहे.

आता परत पिक्चरमध्ये. ‘थिंग’ने खिडकी, चौकट, माल, सगळंच कॉपी केलंय, दोन्ही गस्तवाले बाद. तेव्हा मॅक्रेडी, म्हणजे पिक्चरचा हिरो, काय करतो, सगळ्यांना बांधतो, प्रत्येकाचं रक्त बशीत घेतो आणि तापवलेली तार त्यात बुडवतो. माणसाचं रक्त नुसतं चुर्र करतं. थिंगचा प्रत्येक थेंब मात्र स्वतंत्र जीव आहे, तो जीव वाचवायला उडी मारणार. आयकार्ड बघून कळत नाही म्हणून चटका देऊन वागणं बघायचं! आणि त्यांच्यातल्याच पामरचं रक्त बशीतून किंचाळत उडतं तेव्हा, पाठ असूनही, मी अजून दचकतो.

पण त्याच्याआधी एक गोष्ट घडते जिच्याकडे लोक बघतच नाहीत. कुत्र्यांची देखभाल करणारा क्लार्क मॅक्रेडीवर धावून येतो, मॅक्रेडी त्याला गोळी घालतो, आणि टेस्टमध्ये निघतं की क्लार्क माणूसच होता. शरीरातही असंच होतं. टाइप 1 डायबिटीसमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच निरोगी बीटा पेशी हे गस्तवाले मारून टाकतात. म्हणून जे कोणी ‘इम्युनिटी बूस्ट करा’ म्हणून काढे-गोळ्या विकतात ना, त्यांना विचारा, नक्की काय बूस्ट करताय? संशय वाढवून ठेवला तर क्लार्क मरतो. टी पेशींना छातीतल्या थायमस ग्रंथीत ट्रेनिंग मिळतं तेव्हा शंभरातल्या जेमतेम दोन-चार पास होतात, ती सगळी गाळणी कशाला आहे मग?

आता तुम्ही म्हणाल हे सगळं ठीक, पण असा जीव खरा थोडाच असतो. असतो. आणि तोही कुत्र्यातच.

कुत्र्यांना एक लैंगिक संसर्गाचा कॅन्सर होतो. तो कुठल्या व्हायरसमुळे होत नाही, कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते, समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून. नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्याने 1876 मध्येच त्याची गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. जगभरातल्या या सगळ्या गाठींचा मूळ कुत्रा एकच. 2019 मध्ये 43 देशांतल्या 546 गाठींचा डीएनए तपासून काढलेला अंदाज असा की तो कुत्रा 4000 ते 8500 वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी होता. कुत्रा कधीच मेला, त्याच्या पेशी अजून कुत्रे बदलत फिरतायत! खिडक्या जवळपास बंद पण पूर्ण बंद नाहीत, वर गस्तवाल्यांना सुस्त करणारी रसायनं. आणि हद्द म्हणजे हा कॅन्सर स्वतःचे मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रं) जुने झाले की ज्या कुत्र्यात राहतोय त्याचे उचलतो, निदान पाच वेळा असं झाल्याच्या खुणा सापडल्यात. कार्पेंटरला हे सुचलं असतं तर लोक म्हणाले असते, अति होतंय.

(कुत्रेवाल्यांनी घाबरू नका, माणसाला होत नाही आणि व्हिन्क्रिस्टिन या औषधाने बहुतेक कुत्रे बरे होतात. टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याचं नशीब एवढं चांगलं नाही, चाव्यातून पसरणारा त्यांचा तोंडाचा कॅन्सर 1996 मध्ये पहिल्यांदा दिसला आणि जिथे पोचला तिथे संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घसरली.)

तरी एक फरक आहे, हा कॅन्सर कुत्र्याच्या पेशीला स्वतःसारखं बनवत नाही, तो नुसता वाढतो. शेजाऱ्याला आपल्यासारखं करून टाकणारी वस्तू म्हणजे प्रायॉन, चुकीची घडी पडलेलं प्रोटीन, जे चांगल्या प्रोटीनला चिकटून त्याचीही घडी बिघडवतं. अमिनो आम्लांचा क्रम तोच असल्यामुळे गस्तवाल्यांना पत्ताच लागत नाही. स्टॅन्ली प्रुसिनरने प्रायॉन हा शब्द काढला तो एप्रिल 1982 मध्ये, पिक्चर लागायच्या दोन-अडीच महिने आधी. निव्वळ योगायोग आहे, उगाच भविष्यवाणी-बिविष्यवाणी म्हणून फॉरवर्ड करू नका.

मित्राला शेवटी एवढंच लिहिलं की परत लाव आणि सुरुवातीला फक्त कुत्र्याकडे बघ. जेड नाव त्याचं, अर्धा लांडगा, भुंकत नाही, शेपूट हलवत नाही. कॉरिडॉरमधून एकटाच चालत येतो, एका दारापाशी थांबतो, आत भिंतीवर कोणाची तरी सावली मान वळवते आणि सीन कट.

रात्री दीडला त्याचा मेसेज आला, "सावली पामरची का नॉरिसची?"