एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गुडूप होते. घड्याळात तेव्हा बारा नाही, साधारण बारा पस्तीस झालेले असतात. आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. फार तर सूर्यच उशिरा आला असं वाटेल. 'दुपारचे बारा' म्हणजे घड्याळातले बारा, हे इतकं अंगवळणी पडलंय. याच शहराने एकेकाळी ते मान्य करायला साफ नकार दिला होता.

घड्याळाआधीचं मोजमाप भाषेत अजून शिल्लक आहे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. 'घटकाभर टेक', 'घटका भरली' हे तिथूनच आलं. 'किती वाजले?' हा प्रश्न मात्र टोल्यांचा. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. त्यांच्या वृद्ध आईला सूर्यास्तापूर्वी जेवायची वेळ कळावी म्हणून तो बांधला, असं सांगतात. खरं असो नसो, घड्याळ सूर्याच्या चाकरीत आहे हे त्यात गृहीत होतं.

तोवर गावोगावची वेळ निराळी असे. मुंबई ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, मद्रास 5 तास 21 मिनिटं. बैलगाडीच्या प्रवासात या अर्ध्या तासाने कुणाचं अडत नव्हतं. आगगाडीचं अडलं. एकाच रुळावर चार गावांच्या चार वेळा चालवणार कशा? रेल्वेने मद्रासची वेळ धरली. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी ती मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही लावली. शहर इतकं बिथरलं की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी रेखांशावरची प्रमाणवेळ आली. मुंबईची घड्याळं 39 मिनिटं पुढे सरकवायची होती. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, त्यामुळे सरकारच्या कुठल्याही नव्या हुकुमाकडे लोक संशयानेच बघत होते. पण गिरणगावातल्या माणसाला राजकारणाआधी अंधार दिसला. भोंगा त्याच आकड्यावर वाजणार, म्हणजे उठायचं खरं तर 39 मिनिटं आधी. एका गिरणीत कामगारांनी काम सोडून दगडफेक केली. त्यांना शास्त्र कळलं नाही असं म्हणणं सोपं आहे. मला तर वाटतं, त्यांनाच ते नेमकं कळलं होतं.

महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं हा हट्ट टिकला. मधे दुसऱ्या महायुद्धात सरकारने प्रमाणवेळच आणखी तासभर पुढे ढकलली, तेव्हा तर प्रमाणवेळेच्या घड्याळात मुंबईची खरी मध्यान्ह दुपारी पावणेदोनच्या सुमारास होई.

म्हणून त्या काळात मुंबईत जन्मलेल्या आजोबांची पत्रिका मांडायला घेतली, की जाणता ज्योतिषी जन्मवेळ ऐकून पेन खाली ठेवतो आणि विचारतो, "ही वेळ कुठल्या घड्याळातली?"