जिभेखालची बीपीची गोळी आणि स्ट्रोकच्या ट्रायल्सची उलटी उत्तरं

घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलताना जीभ जड यायला लागली की आपल्याकडे हमखास काय होतं, तर कुणीतरी धावत जाऊन बीपीचं मशीन आणतं, त्यावर १९० नाहीतर २०० आकडा दिसतो आणि मग सगळ्यांचं एकमत होतं की बीपी वाढल्यामुळे हे झालंय, आधी बीपी खाली आणा. मग घरात ज्याची कुणाची बीपीची गोळी असेल ती दिली जाते, जिभेखाली ठेव म्हणून सांगणारेही असतात. हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. आणि हा प्रश्न फक्त घरच्यांनाच पडतो असंही नाही, हॉस्पिटलात पोचायची वाट न बघता ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवलं तर पेशंटचा फायदा होईल का, हे डॉक्टर लोकही बरीच वर्षं विचारत होते.

त्याचं उत्तर २०२४ मध्ये आलं. चीनमध्ये इंटरॲक्ट-४ नावाची ट्रायल झाली, त्यात २४०४ पेशंट होते, सगळ्यांची स्ट्रोकची लक्षणं गेल्या २ तासांच्या आतच सुरू झालेली आणि वरचं बीपी १५० किंवा त्याहून जास्त. रँडम पद्धतीनं दोन गट केले. एका गटाला ॲम्ब्युलन्समध्येच शिरेतून औषध देऊन वरचं बीपी १३० ते १४० च्या मध्ये आणायचा प्रयत्न केला, दुसऱ्या गटाला हॉस्पिटलात पोचल्यावर नेहमीची ट्रीटमेंट. ३ महिन्यांनी कोण कितपत सावरलंय याचा हिशोब मांडला तर दोन्ही गट अगदी सारखे. म्हणजे काहीच फरक नाही, असं म्हणून फाइल बंद करता आली असती.

पण त्यांनी पुढे बघितलं. हॉस्पिटलात स्कॅन झाल्यावर कळलं होतं की स्ट्रोक पक्का झालेल्यांपैकी जवळपास ४६ टक्क्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला होता आणि बाकीच्यांची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडलेली होती. हे दोन गट वेगळे करून पाहिलं तर रक्तस्रावाच्या पेशंटना लवकर बीपी उतरवल्याचा चांगला फायदा झाला होता, वाईट निकालाचे ऑड्स, म्हणजे तसं होण्याचं न होण्याशी असलेलं प्रमाण, साधारण २५ टक्क्यांनी घटले होते, आणि गुठळीवाल्यांचं बरोबर उलटं, त्यांचे ऑड्स ३० टक्क्यांनी वाढले होते. एकाला तारलं आणि दुसऱ्याला बुडवलं, बेरीज शून्य. आणि घरी काय किंवा ॲम्ब्युलन्समध्ये काय, स्कॅन केल्याशिवाय हे दोन प्रकार कुणालाच ओळखता येत नाहीत, कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतली आपल्या घरांसाठी सगळ्यात कामाची ट्रायल हीच, कारण ती करोडोंच्या मशीनबद्दल नाहीये, आपल्या औषधांच्या डब्याबद्दल आहे.

गुठळीवाल्याला बीपी उतरवल्यानं नुकसान का होतं? रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला सगळा भाग एकदम मरत नाही. मधला भाग काही मिनिटांत जातो, पण त्याच्या भोवती एक पट्टा असतो जो काम करायचं थांबलेला असतो पण अजून जिवंत असतो, त्याला पेनम्ब्रा म्हणतात. कॅनॉलचं पाणी बंद झालं तरी शेजारच्या शेतातून झिरपणाऱ्या ओलीवर कडेचं पीक काही दिवस तग धरतं ना, तसंच हा पट्टा आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून येणाऱ्या थोड्याशा रक्तावर टिकून असतो, आणि ते थोडंसं रक्त पोचतं ते दाबामुळेच. त्या वेळी वाढलेलं बीपी बऱ्याचदा शरीराचीच धडपड असते. म्हणून तर गुठळीचा स्ट्रोक असेल आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर बीपी २२०/१२० च्या वर जाईपर्यंत सहसा त्याला हात लावत नाहीत, आणि इंजेक्शन द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतात, कारण मग रक्तस्रावाची भीती असते. रक्तस्रावाच्या स्ट्रोकमध्ये मात्र घाई करायचीच. इंटरॲक्ट-३ मध्ये १० देशांतले ७००० हून जास्त पेशंट होते, त्यात भारतातलेही होते, आणि तासाभरात वरचं बीपी १४० च्या खाली, शिवाय शुगर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा असं सगळं एकत्र सांभाळलं तर पेशंट जास्त चांगले सावरतात आणि मृत्यूही कमी होतात असं २०२३ मध्ये दिसलं.

ॲस्पिरिनचंही तेच. स्कॅनच्या आधी घरी द्यायची नाही, कारण आत रक्तस्राव असेल तर आगीत तेल.

गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची गोष्ट १९९५ ची. अमेरिकेत ६२४ पेशंटवर ट्रायल झाली, लक्षणं सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत अल्टेप्लेज दिलं तर ३ महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरं असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढली. पण फुकट काही नव्हतं, लक्षणं वाढवणारा मेंदूतला रक्तस्राव औषधवाल्या गटात ६.४ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.६ टक्के. म्हणूनच कॅज्युअल्टीत डॉक्टर सही घेताना इतकं समजावून सांगतात आणि नातेवाईक घाबरून "जरा विचार करून सांगतो" म्हणतात आणि तिथेच अर्धा तास जातो. २००८ मध्ये युरोपातल्या ट्रायलनं ही ३ तासांची मुदत साडेचार तासांवर नेली. मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, मरतात हा जो आकडा सगळीकडे फिरत असतो तो २००६ सालच्या एका अंदाजातून आलाय, मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या पेशंटचा, आणि तो सरासरीच आहे, प्रत्यक्षात माणसामाणसात खूप फरक पडतो. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला, त्यावर येतोच.

अल्टेप्लेजची कटकट अशी की थोडं आधी देऊन बाकीचं तासभर पंपावर सोडावं लागतं. टेनेक्टेप्लेज हे त्याच कामाचं नवीन औषध एकाच झटक्यात देता येतं. कॅनडात सुमारे १६०० पेशंटवर २०२२ मध्ये दोघांची तुलना झाली, चांगले सावरलेले ३६.९ टक्के विरुद्ध ३४.८ टक्के, म्हणजे नवीन औषध कमी पडत नाही. अमेरिकेनं ते स्ट्रोकसाठी मंजूर केलं मार्च २०२५ मध्ये, आपल्याकडे ते त्याच्या बरंच आधीपासून वापरात आहे, आणि पुण्याची जेनोव्हा कंपनी ते बनवते. तालुक्याच्या ठिकाणी इंजेक्शन देऊन पेशंटला लगेच मोठ्या शहराकडे रवाना करायचं असेल तर चालत्या गाडीत पंप सांभाळावा लागत नाही, हा फायदा कागदावर छोटा दिसतो पण रस्त्यावर मोठा आहे.

आता गुठळी ओढून काढण्याचं प्रकरण, ज्याला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची, जाळीदार स्टेंट गुठळीत उघडायचा आणि गुठळीसकट बाहेर ओढायचा. ऐकूनच वाटतं की हे चालणारच, नळ तुंबलाय तर तो मोकळा करा, साधं गणित. आणि २०१३ मध्ये लागोपाठ तीन ट्रायल्सनी सांगितलं की काही फायदा नाही. बऱ्याच लोकांनी तेव्हा या पद्धतीवर फुली मारली होती. पण नीट बघितल्यावर दिसलं की उपकरणं बरीचशी जुन्या पिढीची होती, सुरू करायला उशीर होत होता, आणि काही पेशंटमध्ये तर मोठी रक्तवाहिनी खरोखर बंद आहे का हे आधी तपासलेलंच नव्हतं, म्हणजे नसलेली गुठळी काढायला निघालेले. नेदरलँड्समधल्या १६ हॉस्पिटलांनी ५०० पेशंट घेऊन या चुका टाळल्या, आणि २०१५ च्या सुरुवातीला त्यांचा निकाल छापून आला, स्वतःचं स्वतः करू शकणारे ३२.६ टक्के विरुद्ध १९.१ टक्के. त्याच वर्षी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्पेन, अमेरिका सगळीकडून तेच उत्तर आलं. पाच ट्रायल्स एकत्र करून हिशोब केला तर दर २.६ पेशंटमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीनं कमी होत होतं. औषधशास्त्रात असा आकडा फार क्वचित बघायला मिळतो, हे डॉक्टर मंडळी अजून कौतुकानं सांगतात.

मग २०१८ मध्ये डॉन नावाची ट्रायल छापून आली आणि घड्याळाचंच गणित बदललं. लक्षणं सुरू होऊन ६ ते २४ तास उलटलेले पेशंट घेतले, बरेचसे असे की रात्री ठणठणीत झोपले आणि सकाळी उठले ते एक बाजू लुळी घेऊनच. अशांना पूर्वी हॉस्पिटल म्हणायचं, वेळ निघून गेली. इथे घड्याळ न बघता स्कॅनमध्ये किती भाग मेलाय आणि किती अजून वाचवता येईल हे बघितलं. २०६ पेशंट, स्वावलंबी झालेले ४९ टक्के विरुद्ध १३ टक्के. निकाल इतका स्पष्ट होता की ट्रायल मुदतीआधीच थांबवली. मगाशी म्हटलं ना माणसामाणसात फरक असतो, तो हाच, कुणाच्या बारीक रक्तवाहिन्या १२ तास किल्ला लढवतात आणि कुणाच्या तासाभरात हात टेकतात. पण म्हणून निवांत राहायचं असं कुणी समजू नका, कारण आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कळत नाही आणि ६ तासांनंतर या निकषात बसणारे पेशंट थोडेच असतात. नंतर जपानमधल्या २०३ पेशंटच्या ट्रायलमध्ये तर मेंदूचा मोठा भाग आधीच गेलेल्यांनाही फायदा दिसला, ३१ टक्के निदान आधाराशिवाय चालू शकले, दुसऱ्या गटात १२.७ टक्के.

मग सगळ्यांना वाटलं आता लहान रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्याही ओढून काढू. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन ट्रायल्स आल्या, प्रत्येकी ५०० हून जास्त पेशंट, आणि दोन्हींचं उत्तर नाही. निदान त्या ट्रायल्समधल्या उपकरणांनी तरी नाही.

ज्यांच्या जवळपास थ्रॉम्बेक्टॉमीची सोयच नाही त्यांच्यासाठी चीनमधली २०२४ ची ट्रेस-३ वाचण्यासारखी आहे. मोठी गुठळी आहे, साडेचार ते २४ तास झालेत, ओढून काढायची सोय नाही, अशा ५१६ पेशंटपैकी अर्ध्यांना स्कॅन बघून टेनेक्टेप्लेज दिलं. जवळजवळ पूर्ण बरे झालेले ३३ टक्के विरुद्ध २४.२ टक्के, रक्तस्राव ३ टक्के विरुद्ध ०.८. आपल्याकडच्या जिल्ह्यांना हे जास्त लागू पडेल असं मला वाटतं, पण त्यासाठीही तो खास स्कॅन आणि तो वाचणारा माणूस रात्री दोन वाजता हजर असायला हवा, आणि खरी अडचण तिथेच आहे.

स्ट्रोक होऊन गेल्यानंतरचं काय, त्यातही अशीच उलटी उत्तरं आहेत. पेशंटला जितकं लवकर उभं कराल तितकं चांगलं असं सगळे म्हणतात. अव्हर्ट नावाच्या ट्रायलमध्ये २१०४ पेशंटपैकी अर्ध्यांना २४ तासांच्या आतच पुन्हा पुन्हा आणि जास्त वेळ उठवलं, चालवलं. २०१५ मध्ये निकाल आला, त्यांच्यातले ४६ टक्के चांगले सावरले आणि नेहमीच्या पद्धतीनं हळूहळू उठवलेल्यांतले ५० टक्के. म्हणजे अति घाईनं थोडं नुकसानच. याचा अर्थ पेशंटला झोपवून ठेवा असा नाही हां, पहिल्या दिवशी जोर लावू नका इतकाच.

भारतातली अटेंड ट्रायल मला जास्त चटका लावून गेली. १४ हॉस्पिटलांतले १२५० पेशंट, कल्पना अगदी आपल्या मातीतली, फिजिओथेरपिस्ट कमी आहेत पण घरात माणसं आहेत, तर बायको, मुलगा, सून यांनाच शिकवून व्यायाम करून घ्यायचे. २०१७ मध्ये निकाल आला, सहा महिन्यांनी मृत्यू किंवा दुसऱ्यावर अवलंबून असणारे दोन्ही गटांत ४७ टक्के. मनाला इतकी पटणारी कल्पना आणि आकडे हलले नाहीत. नंतरची स्प्रिंट इंडियाही तशीच, ४२९८ पेशंट, ३१ सेंटर, १२ भाषांतून मेसेज, व्हिडिओ आणि वही, दुसरा झटका टाळायला. मध्येच थांबवावी लागली कारण फरक पडणार नाही हे दिसत होतं, पण त्या लोकांच्या विडी-सिगारेट आणि दारूचं प्रमाण घटलं आणि गोळ्या जास्त नियमित झाल्या, हेही त्याच ट्रायलमध्ये नोंदलंय.

दुसरा झटका टाळण्यात ठळक यश मिळालं ते छोट्या स्ट्रोकमध्ये, आणि आपण नेमका तोच सोडून देतो. दहा मिनिटं हात जड झाला, मग ठीक झालं, चला ॲसिडिटी असेल. चीनमध्ये असे छोटे स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक झालेल्या ५१७० लोकांपैकी अर्ध्यांना २४ तासांच्या आत ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी दिली, तर ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक आलेले ८.२ टक्के, नुसत्या ॲस्पिरिनवर ११.७ टक्के. हे स्कॅन करून, डॉक्टरांनी ठरवून. तेव्हा हात आपोआप ठीक झाला तरी त्याच दिवशी दाखवायचं, आणि ठीक झाला नाही तर १०८, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल, आणि पेशंटला शेवटचं धडधाकट किती वाजता बघितलं ती वेळ लक्षात ठेवायची, कारण कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच विचारतात.

आणि ज्यांचा स्ट्रोक जुना झालाय त्यांच्यासाठी एक. सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे काही होत नाही, असं बऱ्याच घरांना सांगितलं जातं. २०२१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १०८ पेशंटवरची ट्रायल आली, स्ट्रोक होऊन ९ महिने ते १० वर्षं झालेली माणसं, हात अजून नीट चालत नाही. त्यांच्या छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवून त्याची तार मानेतल्या व्हेगस नर्व्हला जोडली आणि हाताचा व्यायाम करताना त्या नर्व्हला हलका करंट द्यायचा. व्यायामाचा मोठा कोर्स संपल्यावर ९० दिवसांनी जाणवण्याइतकी सुधारणा झालेले ४७ टक्के. दुसऱ्या गटात यंत्र बसवलं होतं पण करंट सोडला नव्हता, व्यायाम मात्र तेवढाच, सहा आठवडे थेरपिस्टसमोर आणि मग घरी. त्यांच्यातलेही २४ टक्के सुधारले.